बाबांची ७७ची अँबेसेडर, कोठ्यातलं गॅरेज आणि एक टर्बो

कोठ्यातला_मेकॅनिक | ९ फेब्रुवारी, रात्री १०.५२

राम राम मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

गाडी अँबेसेडर मार्क ३, १९७७ची, पेट्रोल. बाबांनी संत्र्याच्या एका चांगल्या आंबिया बहाराच्या पैशात घेतली होती. गाव वरुड तालुक्यात. गेली नऊ वर्षं ती वावरातल्या कोठ्यात उभी आहे. टपावर कुटाराची पोती, मागच्या सीटवर कोंबडीनं दोनदा अंडी उबवली. इंजिन फिरतं, पण कॉम्प्रेशन राहिलेलं नाही. ब्लॉक दोनदा बोअर झालाय आणि धूर असा की कोठ्यात डासांसाठी वेगळं काही जाळावं लागत नाही.

आता उद्योग असा. यवतमाळकडच्या एका जिनिंगच्या आवारात डिझेल कॉन्टेसा (अँबेसेडरवाल्याच हिंदुस्तान मोटर्सची) सडत होती. बॉडी संपलेली, इंजिन शाबूत. कागदांसकट उचलली. आयसुझुचं ४एफसी१, १९९५ सीसी, सोबत पाच गिअरचा बॉक्स. हेच इंजिन पुढं कंपनीनंच अँबेसेडरमध्येही दिलं, त्यामुळे बॉनेटखाली मावतं की नाही हा प्रश्न नाही. पण आपल्या हाती लागलेलं बिनटर्बोचं आहे (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा). त्यावर दोन लिटरच्याच एका जुन्या डिझेल टॅक्सीचा टर्बो चढवायचा विचार आहे.

टर्बो कशाला, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचे दहा प्रतिसाद त्यावरच जातील. लहानपणी आम्ही दर दिवाळीला परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जायचो. गाडीत सात माणसं. घाटात दोन-तीनदा पाणी उकळायचंच. गाडी थांबली की मी दार उघडून उडी मारायची आणि मागच्या चाकाला दगड लावायचा, ही माझी ड्यूटी. तो दगडसुद्धा घरचा होता, डिकीत असायचा. एकदा तरी तो घाट न थांबता चढायचा आहे.

बाबा ७९ वर्षांचे आहेत. त्यांचं म्हणणं, "काऊन बे, इंजिन कायले बदलवतं? चालत होती नं थे!" चालत नव्हती, पण ते असो.

कोणी केलंय का असं? काय काय सांभाळावं?

गिअरमामा | ९ फेब्रुवारी, रात्री ११.३०

दादा, जागा पकडून ठेवतो. कॉन्टेसा-अँबेसेडरवर आमच्या सांगलीकडं लई हात साफ केलेत. उद्या सविस्तर लिहितो.

पुणेरी_ब्रेक | १० फेब्रुवारी, सकाळी ७.१४

धागाकर्त्यांचा उत्साह वाखाणण्याजोगा आहे. फक्त एक नम्र प्रश्न: पळवायचं ठरलं, थांबवायचं काय? मार्क ३ला चारही चाकांना ड्रम आहेत. पन्नासच्या आसपास अश्वशक्तीच्या गाडीसाठी ते बेतलेले, आणि तेव्हाही ते 'बेतलेले' याच शब्दाच्या लायकीचे होते. मूळ गाडी मॉरिस ऑक्सफर्डची, उत्तरपाड्याला पन्नाशीच्या दशकात सुरू झाली आणि २०१४पर्यंत चालली. एवढ्या काळात तिचं बरंच काही बदललं, पण घाट उतरताना पेडल जमिनीला टेकण्याची परंपरा कंपनीनं निष्ठेनं जपली. (हलके घ्या.)

कोठ्यातला_मेकॅनिक | १० फेब्रुवारी, दुपारी १.०५

पुणेरी भाऊ, मान्य. नंतरच्या अँबेसेडरला पुढं डिस्क मिळायच्या. तो पुढचा संच भंगारात पाहून ठेवलाय, ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरसकट.

पुणेरी_ब्रेक | १० फेब्रुवारी, दुपारी १.२०

मग बूस्टरला व्हॅक्यूम कुठून देणार? पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते. डिझेलला थ्रॉटलच नाही.

गिअरमामा | १० फेब्रुवारी, रात्री ९.४८

आयसुझुच्या अल्टरनेटरच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप असतो, त्याचं टेन्शन नाही. कॉन्टेसाचा अल्टरनेटर टाकून देऊ नका म्हणजे झालं. त्या पंपालाही तेल लागतं, त्याचे दोन बारके पाइप असतात, लोक ते दाबून बंद करतात आणि मग पंप सीझ होतो.

आता क्रमानं. नाही, क्रमानं नको, जसं सुचेल तसं.

आयसुझुचं इंजिन गाडीत बसवायच्या आधी टायमिंग बेल्ट बदला. या इंजिनाला चेन नाही, रबरी बेल्ट आहे. इतकी वर्षं उभ्या गाडीचा बेल्ट वरून नवा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी दात सोडतो. बेल्ट गेला की वाल्व पिस्टनला भेटायला जातात.

फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते) स्वतः बनवत बसू नका. नंतरच्या डिझेल अँबेसेडरचे फाउंडेशन आणि ब्रॅकेट भंगारात मिळतात, तेच लावा. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलणार, तो कापून जोडला की बॅलन्स करून घ्या. नाहीतर साठच्या पुढं आरसा थरथरायला लागतो आणि माणूस इंजिनात दोष शोधत बसतो.

डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा वजनाला जास्त. गाडी नाकावर बसणार. पण अँबेसेडरला पुढं कॉइल नाहीत, टॉर्शन बार (पिळल्या जाणाऱ्या दांड्या) आहेत, ते खालून परत सेट करता येतात. पाटे मागं, त्यांना हात लावायची गरज नाही.

आणि टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप. टर्बोच्या बेअरिंगला तेल इंजिनाच्या प्रेशरनं येतं, पण परत जाताना प्रेशर नसतं, ते नुसतं वजनानं खाली पडतं. पाइप जाड पाहिजे, सरळ उताराचा पाहिजे, आणि सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला पाहिजे. वळसा नको, वर चढणं तर अजिबात नको. हे एवढं तरी ऐका.

विहिरीवरचा_पंप | ११ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

मी अडाणी माणूस, पण विचारतो. आहे त्याच पेट्रोल इंजिनाला बोअर-पिस्टन करून टर्बो लावला तर? आपली गाडी पण राहील अन् ताकद पण येईल.

तापमापक | ११ फेब्रुवारी, रात्री ८.१६

विहिरीवरचा_पंप, प्रश्न अडाणी अजिबात नाही. मी तंत्रनिकेतनात शिकवते, मुलं हाच प्रश्न दरवर्षी विचारतात.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबलं जातं. टर्बोनं जास्त भरून दाबलं की मिश्रण ठिणगीच्या आधी किंवा चुकीच्या जागी पेटतं. मेकॅनिक त्याला 'नॉकिंग' म्हणतात. ते टाळायचं तर कॉम्प्रेशन कमी करा, टायमिंग मागं घ्या, कार्बोरेटरला दाबाखाली चालवा, त्या दाबाला पुरून उरेल असा पेट्रोल पंप बसवा. आणि या १४८९ सीसी इंजिनाचा क्रँक तीनच मेन बेअरिंगवर बसतो. इंग्लंडमध्ये याच जातीच्या पुढच्या १७९८ सीसी इंजिनाला नंतर पाच बेअरिंग दिले, ते उगाच नाही.

डिझेलमध्ये आधी नुसती हवा दाबतात, इंधन नंतर येतं. म्हणून डिझेलला टर्बो सोसतो. पण त्याची खोड उलटी आहे. पेट्रोल कमी पडलं की पेट्रोल इंजिन तापतं, डिझेल जास्त पडलं की डिझेल इंजिन तापतं. पंपाचा स्क्रू फिरवून काळा धूर काढणारे जे पठ्ठे असतात, ते ताकद नाही, पिस्टन वितळवायचा कार्यक्रम करत असतात.

कोठ्यातला_मेकॅनिक | २ मार्च, रात्री ११.४०

उशिराबद्दल माफी, मृगाच्या संत्र्याची तोड चालू होती. दिवसा तोड, रात्री गाडी.

रात्रीच, कारण आमच्याकडं वावराची थ्री फेज लाइन आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. गहू ओलवायचा की वेल्डिंग करायचं, असा रोजचा पेच. कडाक्याच्या थंडीत पाणी देणारे लोक मी पाहिलेत, पण कडाक्याच्या थंडीत सायलेन्सर वेल्ड करणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

जुनं इंजिन उतरवलं. चेनकप्पी आडव्या सागाच्या बल्लीला बांधली, बाजूला ट्रॅक्टर टेकू म्हणून. आमचे मिस्त्री चाचा (वय ६८, पूर्वी जिनिंगच्या डिझेल इंजिनांवर होते) म्हणाले, पेट्रोलचं इंजिन फेकू नको. धुऊन, तेल लावून, प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे तेल सोडून लाकडाच्या घोडीवर बसवलंय. महिन्यातून एकदा हातानं फिरवायचं ठरलंय.

एकच वाईट गोष्ट करावी लागली. मार्क ३चा गिअर स्टिअरिंगवर आहे, आयसुझुचा खाली. टनेलच्या पत्र्याला भोक पाडलं. कापलेला तुकडा जपून ठेवलाय, त्याच्या पाठीवर कारखान्याचा मूळ राखाडी रंग आहे. बाबा येऊन तो तुकडा हातात घेऊन बघून गेले. बोलले काही नाहीत.

पुणेरी_ब्रेक | ३ मार्च, सकाळी ७.३०

तो तुकडा बघण्याचा प्रसंग वाचून सकाळी सकाळी वाईट वाटलं. असो. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

कोठ्यातला_मेकॅनिक | ३० मार्च, रात्री १२.१०

मॅनिफोल्डची गंमत सांगतो, ही माझ्या आवडीची आहे.

टर्बो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर बसतो. आपलं मॅनिफोल्ड बिडाचं आणि त्याला टर्बोचा फ्लँज नाही. बिडाला वेल्डिंगची साधी काडी मारली की वेल्ड धरतो, थंड होताना बाजूनं चिरतो. पहिल्या दिवशी तसंच झालं. टक्क आवाज आला, आणि केसाएवढी भेग.

चाचा म्हणाले, "बिडाले घाई नाई चालत." दुसऱ्या दिवशी आवारात पऱ्हाटीचा जाळ केला. मॅनिफोल्ड त्यात तासभर ठेवलं, थुंकी टाकली की नाचून उडेल एवढं तापवलं. निकेलची काडी आणली होती (महाग असते, पाकीट घेताना दुकानदारानं दोनदा विचारलं 'हीच का?'). बोटाएवढा वेल्ड मारायचा, लगेच बारक्या हातोडीनं ठोकायचा, मग पुढचा. मध्ये गार वाटलं की परत जाळात. काम झाल्यावर सगळं मॅनिफोल्ड राखेत पुरलं आणि घरी निघून गेलो. सकाळी काढलं तेव्हाही कोमट होतं. भेग नाही.

फक्त बारा एमएमच्या पट्टीचा फ्लँज वेल्डच्या उष्णतेनं वाकला होता. काचेवर ठेवून खाली कागद सरकवला तर एका कोपऱ्यात कागद जात होता. वरुडच्या खरादवाल्याकडून फेस मारून आणला. आता कागद जात नाही.

तापमापक | ३० मार्च, सकाळी ९.०२

हा परिच्छेद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरते. आधी तापवणं, थोडं थोडं वेल्ड करणं, ठोकून ताण काढणं, राखेत हळूहळू थंड करणं. पाठ्यपुस्तकात हेच चार मुद्दे असतात, फक्त पऱ्हाटी नसते.

गिअरमामा | ३० मार्च, सकाळी १०.४५

चाचांना आमचा सलाम सांगा. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) किती ठेवणार?

कोठ्यातला_मेकॅनिक | ३० मार्च, दुपारी २.२०

अर्धा बार. वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वगळून सोडणारी झडप) तेवढ्यावर उघडेल असा ॲक्च्युएटर लावलाय. पिस्टन बिनटर्बोच्या इंजिनाचे आहेत, त्यामुळे लोभ नको. टर्बोची तापलेली हवा गार करायला इंटरकूलर लावू का? भंगारात एक आहे.

तापमापक | ३० मार्च, रात्री ८.५०

हिशोब करून बघू. मे महिन्यात तुमच्याकडं ४५ अंश नेहमीचेच. ती हवा अर्धा बार दाबली की दाबल्यामुळेच तापते. टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा १०५ अंशांच्या आसपास. दाब दीडपट झाला, पण हवा तापून फुगल्यामुळे सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष जाणारी हवा सव्वापटच. इंटरकूलरनं ती ६५ अंशांवर आणली तर १.४ पट. म्हणजे फायदा आहे.

पण इंटरकूलर बसणार रेडिएटरच्या समोर. रेडिएटरला आधीच गरम हवा, त्यात अजून गरम. घाटात, वीस-तीसच्या वेगानं. अर्ध्या बारसाठी मी तरी नको म्हणेन. त्याऐवजी एक्झॉस्टमध्ये, टर्बोच्या अलीकडे, के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा आणि डॅशवर काटा. लांब चढावर ७०० अंशांच्या वर गेलात की पाय काढायचा. पाण्याचा काटा उशिरा बोलतो, हा लगेच बोलतो.

विहिरीवरचा_पंप | ३१ मार्च, सकाळी ६.१५

थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाका भाऊ. आमच्याकडं सगळे मिस्त्री पहिलं तेच करतात. गाडी थंड राहते.

गिअरमामा | ३१ मार्च, सकाळी ८.००

कृपा करून नाही. बायपासवाल्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्यातलं थोडं रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. उन्हाळ्यात उकळतं ते उकळतंच आणि हिवाळ्यात इंजिन तापत नाही, डिझेल नीट जळत नाही. रेडिएटर चार रांगांचा करून घ्या आणि पंख्याभोवती शेड लावा. जुन्या गाड्यांचा पंखा अर्धी हवा आजूबाजूचीच फिरवत बसतो.

संत्रेवाला_मोर्शी | ४ एप्रिल, दुपारी ४.३३

अवांतर: यंदा मृगाला काय भाव लागला वरुडात? आमच्याकडं व्यापारी बागेत येऊन झाडं मोजून गेला, परत फिरकलाच नाही.

संपादक | ४ एप्रिल, सायंकाळी ६.००

भावाची चर्चा शेतीच्या धाग्यावर करावी.

कोठ्यातला_मेकॅनिक | २८ एप्रिल, पहाटे ३.२०

झोप येत नाही म्हणून लिहितो. सगळे ठीक आहोत, आधी ते सांगतो.

काल रात्री साडेनऊला टर्बोसकट पहिल्यांदा सुरू केली. हीटर प्लग तापवले, दुसऱ्या सेल्फमध्ये लागली. आवाज गोड. पाच मिनिटं निवांत चालली. चाचा मागं धूर बघत होते, पुतण्या बॅटरी धरून. मी थोडी रेस दिली. शीळ आली, टर्बोची. मी हसलो असेन बहुतेक.

रेस सोडली तर आवाज उतरेना. वाटलं केबल अडकली. किल्ली काढली. इंजिन बंद व्हायच्या ऐवजी चढायला लागलं. किल्ली माझ्या हातात आहे आणि इंजिन ओरडतंय. निळसर पांढऱ्या धुरानं कोठा असा भरला की पुतण्या दिसेना, फक्त बॅटरीचा उजेड. शेजारच्या खुंट्याला बांधलेल्या गोऱ्ह्यानं दावं तोडलं. मला एवढंच सुचलं की हवा बंद करायची, म्हणून टर्बोच्या तोंडावर तळहात ठेवायला गेलो. चाचांनी माझ्या मनगटावर जोरात हाणलं, बाजूला पडलेली संत्र्याच्या पेटीची फळी उचलली आणि तोंडावर दाबली. फळी चिकटून बसली. तीन-चार सेकंदांत इंजिन घुसमटून थांबलं.

मग इतकी शांतता की रातकिड्यांचा आवाज आला.

चाचा बाहेर बाजेवर बसून पहिलं वाक्य बोलले, "हात घातला असता तं बोटं सायलेन्सरमधून वेचावी लागली असती." बाबा तोवर घरून मोटरसायकलवर मागं बसून आलेले. त्यांनी गाडीकडं पाहिलंच नाही, आधी गोऱ्हा शोधायला लावला.

कारण मला ठाऊक आहे. स्टिअरिंगच्या रॅकच्या आड येत होता म्हणून रिटर्न पाइप मी वळसा घालून नेला होता. रबरी होज, आतून दहा एमएम, आणि मध्ये दोन बोटं वर चढलेला. गिअरमामा, तुम्ही फेब्रुवारीतच लिहिलं होतं.

तापमापक | २८ एप्रिल, सकाळी ६.५५

सुखरूप आहात हे महत्त्वाचं.

नवीन वाचकांसाठी, कारण हा प्रकार जीपवाल्यांच्याही नशिबी येतो: तेल परत जाऊ शकलं नाही, टर्बोच्या मधल्या भागात साठलं, सीलवरून हवेच्या बाजूला आलं आणि हवेबरोबर सिलिंडरमध्ये गेलं. डिझेल इंजिनाला इंजिन ऑइलसुद्धा जळायला चालतं. किल्लीनं फक्त डिझेल बंद होतं, तेल नाही. जितकं जोरात फिरेल तितकं टर्बो अजून तेल ओढेल. म्हणून एकच उपाय, हवा तोडणं. हातानं कधीच नाही, आतलं चाक मिनिटाला लाखाच्या घरात फिरतं. चिंधीही नाही, ती आत ओढली जाते. फळी, जाड पुस्तक, काहीही सपाट आणि टणक.

गिअरमामा | २८ एप्रिल, सकाळी ७.४०

दादा, 'मी सांगितलं होतं' असं म्हणणार नाही. माझ्या गॅरेजात २००८ साली हेच झालं होतं, तेव्हा मलाही कुणीतरी आधी सांगितलं होतं. सम्प उघडा, बिग एंडचे बेअरिंग बघा, बेल्ट परत बदला. न बघता सुरू करू नका.

कोठ्यातला_मेकॅनिक | २५ मे, रात्री १०.३०

सम्प उघडला. बेअरिंगवर बारीक रेघा होत्या, नवीन टाकले. बेल्ट नवा. रिटर्न पाइप आता लोखंडी, आतून सोळा एमएम, सम्पच्या वरच्या अंगाला बंग (पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) वेल्ड करून सरळ खाली सोडलाय. त्यासाठी टर्बो मॅनिफोल्डवर थोडा फिरवून बसवावा लागला, म्हणजे हवेचे पाइप सगळे नव्यानं. ती फळी टर्बोशेजारी तारेनं बांधून ठेवली आहे.

आज दुपारी तीनला, चव्वेचाळीस अंशांत, बागेच्या धुऱ्यावरून चालवली. आमच्या वावरात विहिरीपासून टेकाडापर्यंत साधारण सहाशे मीटरची चढती वाट आहे. मागं ट्रॉलीत पंधरा पोती खत. तिसऱ्या गिअरमध्ये चढली. एक्झॉस्टचा काटा ५८०, पाण्याचा मधोमध. वर गेल्यावर मिनिटभर निवांत चालू ठेवून मग बंद केली, म्हणजे तापलेल्या बेअरिंगवर तेल जळून बसत नाही.

डिस्क ब्रेकही उत्तम. पुणेरी भाऊ, पेडल आता अर्ध्यावरच धरतं.

दिवाळीत चिखलदरा!

काळा_कोट | २६ मे, सकाळी ११.१५

धागा आत्ताच वाचला. विरजण घालायला आलोय, क्षमस्व.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकावर जे लिहिलंय आणि कंपनीनं जे मूळ दिलंय त्यापेक्षा वेगळं काही गाडीत करता येत नाही, मोजके अपवाद आणि पूर्वपरवानगी सोडून. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं, त्यानुसार मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुमच्या गाडीत इंजिन वेगळं, इंधन वेगळं, टर्बो वेगळा. रस्त्यावर अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवेल, आणि समोरच्या माणसाची भरपाई तुमच्या वावरावर येईल.

आता दुसरी गोष्ट, ही कदाचित जास्त लागेल. जुलै २०२१मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन-रॅली वगैरेंसाठी. तुमची गाडी १९७७ची म्हणता. महिना कोणता?

कोठ्यातला_मेकॅनिक | २६ मे, रात्री ९.०५

नोव्हेंबर.

काळा_कोट | २६ मे, रात्री ९.२०

म्हणजे नोव्हेंबर २०२७. अडीच वर्षं.

पुणेरी_ब्रेक | २६ मे, रात्री ९.४४

एवढं सगळं आधी का नाही सांगितलंत वकीलसाहेब?

काळा_कोट | २६ मे, रात्री ९.५०

फेब्रुवारीत मी या संस्थळावर नव्हतो. शिवाय कुणी विचारलं नाही.

विहिरीवरचा_पंप | २७ मे, सकाळी ६.०५

अहो भाऊ, खेड्यात कोण बघतं? आमच्याकडं अर्ध्या जीपांत दुसरंच इंजिन आहे.

गिअरमामा | २७ मे, सकाळी ८.३०

बघत नाही तोवर बघत नाही. मीही आयुष्यभर असंच म्हणत आलोय, पण घाटात सात माणसं बसवून न्यायची असतील तर वकीलसाहेबांचं ऐका.

कोठ्यातला_मेकॅनिक | १९ जून, रात्री ११.१५

पेरणीच्या गडबडीत होतो.

आरटीओत जाऊन आलो. तिथल्या बाबूनं पेट्रोलच्या आरसीवर डिझेलचं इंजिन म्हटल्यावर चष्म्यावरून पाहिलं आणि आधी चहा मागवला. उत्तर काय मिळालं ते समजून घ्या.

घरी बसून यादी केली, काय परत फिरवता येईल याची. फाउंडेशन बोल्टचे आहेत, निघतील. शाफ्ट जुना ठेवलाय. टॉर्शन बार परत सेट होतील. टनेलचं भोक, तो तुकडा आहे. डिस्कचं बघू. पेट्रोलचं इंजिन घोडीवर आहे आणि खरंच दर महिन्याला हातानं फिरवतोय.

चाचांना सांगितलं. ते म्हणाले, मग या डिझेलनं दोन वर्षं वावरातलं काम कर, तोवर पेट्रोलच्या ब्लॉकला तिसरं बोअर नाही होत, त्याला लायनर मारून घेऊ. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्या फेब्रुवारीतच म्हटलं होतं." मंडळी, हे वाक्य या वर्षी मी तिघांकडून ऐकलं.

पुणेरी_ब्रेक | २० जून, सकाळी ७.१०

म्हणजे चिखलदरा रद्द?

कोठ्यातला_मेकॅनिक | २० जून, रात्री ८.४०

या दिवाळीला बसनं. २०२७च्या दिवाळीनंतर पेट्रोलवर, नव्या नंबरानं, परतवाड्याकडं एखादी रॅली निघाली तर. पाणी उकळेलच. दगड पुतण्या लावेल, त्याला सांगून ठेवलंय.

तोवर टेकाडावर खत चढवतो. बाबा रोज संध्याकाळी पुढच्या सीटवर बसून विहिरीपर्यंत येतात. काल उतरताना म्हणाले, "शीळ कायची येते रे?" सांगितलं टर्बोची. "चांगली येते."

तापमापक | २१ जून, सकाळी ९.३०

कृपया थर्मोकपल काढून ठेवताना त्याची वायर कापू नका, मला प्रयोगशाळेला हवंय. विकत घेईन.

कार्बोरेटर_संग्राहक | ७ ऑगस्ट, दुपारी १२.२२

धागा वर काढतोय. मार्क ३चा मूळ कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड विकणे आहे का? योग्य किंमत देईन.

कोठ्यातला_मेकॅनिक | ७ ऑगस्ट, रात्री ९.१०

नाही.

जीप_५४०_वाशीम | १४ सप्टेंबर, रात्री १०.०१

नमस्कार, नवीन सभासद. पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. माझ्या जुन्या जीपला मिस्त्रीनं टर्बो लावलाय, रिटर्न पाइप आतून किती एमएम असावा? माझा बारीक वाटतोय, आणि थोडा आडवा गेलाय.

कोठ्यातला_मेकॅनिक | १४ सप्टेंबर, रात्री १०.०४

आतून सोळा, सरळ खाली, सम्पमध्ये तेलाच्या वर. आज रात्री सुरू करू नका. आणि करायचीच असेल तर हातात फळी घेऊन एक माणूस टर्बोजवळ उभा ठेवा.